मुऱ्हाळ्याची सीट

३ नोव्हेंबर, सोमवार

पूनमले सातवा लागला. हे मले विहीणबाईनं सांगतलं, पोरीनं नाही. विहीणबाई फोनवर म्हणे, पुण्यातच दवाखान्यात नाव घातलंय, सगळी सोय आहे, तुम्ही काळजी करू नका. बोलणं गोड. पण पहिलं बाळंतपण माहेरी होते, आमच्यात आजवर असंच चालत आलं. मी म्हटलं, पोरगी बुलढाण्याले येईन. त्या म्हणे, पूनमलाच विचारा.

विचारलं. "पाहू बाबा," म्हणे.

पाहू म्हणजे नाही. तिच्या आईची लकब. सु.ले काही नको असलं का ती "पाहू" म्हणे, आन् मंग तो विषय घरात पुन्हा निघत नसे.

सु. जाऊन दीड वर्ष झालं. तवापासून पोरगी या घरात एक रात्र मुक्कामी राह्यली नाही. येते, जेवते, संध्याकाळच्या गाडीनं वापस. सुट्टी नसते म्हणते. नसंन.

५ नोव्हेंबर, बुधवार

थोरल्या बहिणीले, कमळाक्काले, हिवरा आश्रमले फोन लावला. घरात बाईमाणूस नाही, कसं करायचं म्हटलं. अक्का उलट माह्यावरच चढली. मी काय मेली का म्हणे. डिंक, खारका, बाळंतशेपा, सगळं घेऊन येते, सव्वा महिना काय, तीन महिने राहते, तू फक्त पोरगी आण. आन् याच महिन्यात आण, आठवा लागला का प्रवास बंद.

लगेच पूनमले फोन. आता तिचं दुसरंच. रातच्या बसनं डॉक्टर नाही म्हणते. नांदुऱ्यापर्यंत रेल्वेनं ये म्हटलं, तर रिझर्वेशन नाही. आन् नांदुऱ्याहून वर यायचं म्हणजे घाट आहेच. मी म्हटलं, मंग गाडीनं येशीन का, स्पेशल गाडी? मंग म्हणे, गाडीनं येता येईन.

हे मी हो धरलं. गाडी झाली का पोरगी आली. एवढंच काम राह्यलं आता.

बीपीची गोळी घेतली. थंडी पडून राह्यली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गल्लीतल्या गाडीवाल्याले विचारलं. पुणे जाणं-येणं अकरा हजार, टोल वेगळा, ड्रायव्हरचं जेवण वेगळं. वरून म्हणते, काका तुमच्यासाठी कमी सांगतले. मी जन्मभर बाजार समितीत हर्रास बोललो, शेतमालाचे लिलाव पुकारले, भाव सांगणाऱ्याचं तोंड पाहून मले समजते का त्याच्या पोटात काय आहे. याच्या पोटात आठ होते. पण आठ तरी कायले?

जावयाचा, सुमेधचा, फोन आला. पोरगा भला आहे. म्हणे, बाबा मी करतो गाडी. नाही म्हटलं. लेकीले आणायची गाडी बापानं करा लागते. जावयाच्या पैशानं माहेरपण कुठं असते?

९ नोव्हेंबर, रविवार

यार्डात चहा. सोयाबीनची आवक भल्ली आहे, पाय ठेवायले जागा नाही. आता हर्रास बोलायले नवा पोट्टा आहे, घाई करते. ढिगाजवळ थांबा लागते, मूठ भरून दाणा दाखवा लागते. मले उठून सांगू वाटलं. बसून राह्यलो.

वानखडे भेटला. तो मापारी होता, मी पुढं बोली तोडत जाय आन् हा मागून काटा घेऊन ये. त्यानं गाडीचं सांगतलं. फोनात एक अॅप आहे म्हणते, त्याच्यावर आपण लिहायचं कुठून कुठं जायचं, आन् गाडीवाले आपला आपला भाव लावतात. ज्याचा जमला त्याचा घ्यायचा. भाचीच्या लग्नाले त्यानं अशीच गाडी केली, निम्म्यात.

मी म्हटलं, म्हणजे हर्रास आहे हा.

वा. म्हणे, हर्रासच, पण उलटा. इथं भाव खाली येते.

त्यानंच टाकून देल्लं अॅप. माझा फोटो मागते, देल्ला. टोपी घालून काढलेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वंदना झाली, चहा झाला, आन् बसलो फोन घेऊन. बुलढाणा ते पुणे ते बुलढाणा. तुमचा भाव टाका म्हणते. तीन हजार टाकले. तासभर कुत्रं फिरकलं नाही. मंग समजलं, का एवढ्या भावात हे ढीग पाहायलेही उभे राहत नाहीत.

चार केले. तवा टुंग टुंग सुरू झालं. एक नऊ म्हणते, एक साडेआठ. एकानं तर नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी कोणालेच उत्तर नाही देल्लं. हर्रासात जो पहिले बोलला तो फसला. दुपारपावतर साडेसातवर आले. मी गप.

मजा आली, खोटं कायले बोलू. रिटायर झाल्यापासून असा दिवस गेला नव्हता. जेवायची आठवण राह्यली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालं. बोली तुटली, सौदा पक्का.

काल वा.नं एक कानमंत्र देल्ला होता. इकडून गाडी कायले पाठवतो बे, म्हणे, पुण्याले लोकाईले सोडून रिकाम्या येणाऱ्या गाड्या असतात, त्याईले डिझेल निघालं तरी पुरते. म्हणजे जाणं-येणं टाकायचंच नाही. फक्त पुणे ते बुलढाणा टाकायचं, येणं तेवढं. इतकी साधी गोष्ट माह्या टकुऱ्यात आली नव्हती.

तसं टाकलं. चिखलीचा एक अशोक म्हणून आहे, सात सीटची गाडी. शनिवारी २२ ले पुण्याले सवाऱ्या सोडून रविवारी वापस निघते. सहापासून सुरू केलं त्यानं. मी चार. तो साडेपाच. मी चार. तो पाच. मंग त्यानं विचारलं, सवाऱ्या किती? मी लिहिलं, एक. लिहिल्याबरोबर साडेचार आला. माह्या चिवटपणाले भ्याला पोरगा.

साडेचारवर मी मनात एक बार, दोन बार, तीन बार म्हटलं आन् बटण दाबलं. टोल त्याच्याकडं.

लगेच फोन लावून त्याले सांगतलं, का भाऊ, सवारी म्हणजे माही पोटुशी पोरगी, आन् मी हर्रासातला माणूस आहे, तिसऱ्या बारानंतर मागं फिरत नाही, तूही फिरू नको. नाही फिरत काका, म्हणे. आवाजावरून माणूस नीट वाटला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यार्डात सगळ्याईले सांगतलं. अकराची गाडी साडेचारात. दोन अडत्ये फोन घेऊन माह्याजवळ बसले, त्याईच्यातही अॅप टाकून देल्लं. आज चहाचे पैसे कोणी मले देऊ देल्ले नाहीत.

संध्याकाळी पूनमले सांगतलं. रविवारी २३ ले सकाळी सातले गाडी तुह्या दारात उभी राहते, तू नुसती बस, संध्याकाळी बुलढाणा. ड्रायव्हर चिखलीचा, आपल्याच भागातला. गाडी नवी, एसी.

"बरं," म्हणे.

आणखी काही विचारीन वाटलं. जेवले का बाबा, एवढं विचारलं आन् ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

समोरच्या खोलीत पलंग लावला. गादी उन्हात घातली. पाणी तापवायची कॉइल नवी आणली, मच्छरदाणी आणली. घर झाडता झाडता दुपार झाली.

आन् चार वाजता सुमेधचा मेसेज. "बाबा, पूनम यायला नको म्हणते आहे. वाईट वाटून घेऊ नका. तिलाच नीट सांगता येत नाहीये."

संताप आला. काय नको? गाडी नको का घर नको? एवढी मेहनत करून बोली तोडली, आन् आता सवारीच नाही म्हणते. मले वाटलं स्वस्त गाडी म्हणून भेते का काय पोरगी. अशोककडून गाडीचे फोटो मागवले, बाहेरून, आतून, टायराचेही. त्याचं रेटिंग आहे अॅपवर, तेही पाठवलं. पाह्यल्याची खूण आली. उत्तर नाही.

जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अक्का आली. दोन थैल्या, एक डबा, एक उशी. उशीबिगर झोप येत नाही म्हणते. येऊन टेकत नाही तर विचारते, कधी येऊन राह्यली पोरगी. मी सगळं सांगतलं. गाडी, बोली, साडेचार हजार, आन् मंग पोरीनं कसं नाही म्हटलं ते. मले वाटलं अक्का पोरीवर चिडीन.

अक्का म्हणे, "मुऱ्हाळी कोण चालला?"

मी म्हटलं, मुऱ्हाळी कायले लागते, ड्रायव्हर आहे ना.

अक्का माह्याकडं पाहतच राह्यली. मंग हळूच म्हणे, "लेक हाये का पार्सल हाये रे?"

मंग तिनं जे सांगतलं ते मले ठाऊक होतं, आन् ठाऊक असून डोक्यात आलं नव्हतं. लेकीले आणायले माहेरचं माणूस जाते. भाऊ जाईन, बाप जाईन, चुलत्याचं पोरगं जाईन, पण कोणीतरी जाते, सासरी चहा पिते, मंग तिले घेऊन निघते. अक्का म्हणे, मले न्यायले तू यायचा, एवढासा, पायात चप्पल नाही, बुशकोटाले गुंड्या नाहीत. पण तू आंगणात दिसला का माही सासू दारातून बाजूले होय. तुह्याकडं पाहून नव्हे. माह्या मागं घर हाये, हे तिले समजे म्हणून.

पूनमच्या लग्नानंतर दर दिवाळीले सु. स्वतः पुण्याले जाय. बसनं जाय, पाठदुखी असून जाय. मी म्हणत असे, कायले फेरी मारतं, पोरगी शिकलेली आहे, येईन एकटी. सु. ऐकत नसे. मी हर्रास सोडून कधी गेलो नाही, आन् तिनं कधी मले जा म्हटलं नाही.

इतक्या दिवसांत मी बुलढाण्याहून पुण्याले जाणाऱ्या गाडीचे पैसे वाचवले. त्या गाडीत मी बसायचा होतो, हे माह्या ध्यानात आलं नाही. भल्ली लाज वाटून राह्यली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अशोकले फोन. म्हटलं, शुक्रवारी-शनिवारी जाताना मले तुह्या गाडीत पुण्याले ने, येताना मी पोरीसोबत बसतो. अशोक म्हणे, जाताना गाडी फुल आहे काका. बरं, मी बसनं येतो, येताना तर बसू दे.

तो घुटमळला. मंग म्हणे, "काका, तुमी एक सवारी टाकली, म्हणून तं मी साडेचारावर आलो. बाकीच्या सीटा देल्ल्या मी."

चिखलीचे म्हातारा-म्हातारी आन् त्याईचा पोरगा, मधल्या सीटवर. पुण्यात मोठ्या पोराकडं होते, वापस येतात. सोबत घरगुती पिठाची चक्की आहे, ती मागं. पुढची सीट ताईची, ती कोणाले देल्ली नाही, म्हणे, पोटुशी बाई आहे हे मले मालूम आहे.

म्हणजे तो माह्या चिवटपणाले भ्याला नव्हता. त्यानं सीटा मोजल्या होत्या, मी नाही.

अशोक म्हणे, पाहिजे तर कॅन्सल करा, मी राग धरणार नाही. म्हटलं, उद्या सांगतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वा. म्हणे, सोड बे त्याले, दुसरी गाडी पूर्ण कर, सातात भेटीन. सात हजार काही जास्त नाही, खरंच नाही. अकराही नव्हते जास्त. मी देऊ शकत होतो. हे आता म्हणून काय उपयोग.

पण अशोकनं माह्या शब्दावर गाडी भरली. त्या म्हाताऱ्यानं अशोकच्या शब्दावर चक्की घेतली असंन. मी उभ्या बाजारात लोकाईले सांगत आलो, का तीन बार झालं का आता बापाचंही चालत नाही. एक व्यापारी एकदा रडला होता माह्यापाशी, भाव पडला म्हणून, तरी त्याले ढीग उचलाच लागला. आता मीच मागं फिरू?

अक्काले विचारलं. तिले बोलीचं काही पडलेलं नाही. म्हणे, चक्कीवर बस, टपावर बस, पण जा.

अशोकले फोन केला. चक्कीपाशी जागा आहे का? आहे म्हणे, एक सीट उभी होते, पण पाय लांब होणार नाहीत, दिवसभराचा रस्ता आहे. चालते म्हटलं. त्या सीटचे पैसे किती?

"मुऱ्हाळ्याचे पैसे घेतले तं माही माय मले घरात घेणार नाही," म्हणे.

हा शब्द त्याले सांगा लागला नाही. चिखलीच्या पोराले मालूम होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळच्या बसनं निघतो. म्हाताऱ्याईचं अर्धं तिकीट. पूनमले सांगतलं नाही. सांगतलं आन् ती येऊ नका म्हटली तर पाय निघणार नाही. अक्कानं बेसनाचे लाडू देल्ले विहिणीले, आन् बजावलं, का तिथं गाडीच्या भावाचं बोलू नको.

ती नाही म्हटली तर एकटाच वापस येईन, चक्कीपाशी बसून. तेही मनाशी ठरवून ठेवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार, पुणे

विहीणबाईनं दार उघडलं. माह्या मागं पाहतात, आणखी कोणी आहे का. मी म्हटलं, गाडी उद्या येते, मुऱ्हाळी आज आला. त्या हसल्या. मंग एकदम बाजूले झाल्या आन् आत हाक मारली, पूनम, बघ कोण आलंय.

पोरगी आली बाहेर. चार महिन्यांत पाह्यलं नव्हतं. पोट दिसून राह्यलं, चेहरा उतरलेला, केस आईसारखे मागं बांधलेले. मले रडू आलं. लपवलं नाही. सुमेध बिचारा पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला.

विहीणबाईशी नीट बोलणं झालं. बाई वाईट नाही. म्हणाल्या, रीत मलाही कळते हो, पण आई नाही तिथं, पोरीला कसं पाठवू? मी अक्काचं सांगतलं. अक्काशी फोनवर बोलणं करून देल्लं. दोघी बराच वेळ बोलल्या, शेपा आन् तूप आन् काय काय. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, मुऱ्हाळी आलाय म्हटल्यावर मी अडवणार नाही. पण तिच्या मनाविरुद्धही पाठवणार नाही.

दुपारी पूनम गॅलरीत बसली होती. मीही जाऊन बसलो. मी काय म्हणणार होतो ते बसमध्ये सगळं जुळवलं होतं.

पण पहिले तीच बोलली. "आई यायची बाबा. तुमी गाडी पाठवून राह्यले होते."

म्हटलं, हो. चुकलो.

मंग म्हणे, "गाडीचं नाही हो नुसतं. त्या घरात मले रात्री झोप येईन का, मालूम नाही. आई गेली तवापासून मी तिथं झोपलीच नाही. म्हणून निघून येते मी दर वेळी."

मी म्हटलं, "मलेही येत नाही."

हे कोणाले सांगतलं नव्हतं. अक्काले नाही, वानखडेले नाही. एकदा निघालं तर पुढचंही निघालं. म्हटलं, बाळंतपण, रीत, अक्का, हे सगळं मागून आलं पूनम. मले त्या घरात एकटं राहवत नाही, म्हणून तुले बोलावून राह्यलो. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी.

ती माहा हात धरून बसली. खाली पोरं खेळत होती, तिकडं पाहत होती.

संध्याकाळी पाह्यलं तर कपाटावरची बॅग खाली काढलेली. कोणी विचारलं नाही, तिनं सांगतलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार, बुलढाणा

काल लिहायले झालं नाही, गुडघे धरले होते.

अशोक सातले हजर. विहीणबाईनं पूनमची ओटी भरली, माह्या हातात डबा देल्ला, आन् म्हणाल्या, परत आणायला आमचा माणूस येईल, तुमच्या अॅपची गाडी नको. मी म्हटलं, तुमचा माणूस आला का मीही दारातून बाजूले होईन. सुमेध गाडीच्या काचेपाशी किती वेळ उभा होता. शेवटी अशोकनंच हॉर्न वाजवला.

पूनम पुढं. मधात चिखलीचं कुटुंब. मी मागं, चक्कीच्या बाजूले, मांडीवर दोन बॅगा. नगरपर्यंत सगळे पेंगत होते. मंग म्हातारीनं पूनमले विचारलं, कितवा. सातवा. पहिलाच? हो. माहेरी चालली का? हो. म्हातारीनं गाडीत इकडं तिकडं पाह्यलं आन् म्हणे, मंग मुऱ्हाळी कुठी हाय बाई तुहा?

पूनम मागं न वळता म्हणे, "तो काय, चक्कीपाशी."

म्हातारी वळली, माह्याकडं पाह्यलं, मांडीवरच्या बॅगा पाह्यल्या, आन् असं हसली का तिचा म्हातारा जागा झाला. पूनमही हसली. पोट धरून हसली. अशोक म्हणे, ताई हळू. दीड वर्षांत तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

त्या म्हातारीनं पुढं पूनमले चिंचा देल्ल्या, शिदोरी सोडली, मलेही मागं भाकर आन् ठेचा पाठवला. सिल्लोडच्या पुढं रस्ता खराब, अशोकनं गाडी बैलगाडीवानी चालवली. धाडपर्यंत येता येता अंधारलं. चिखलीवाले म्हणे, पहिले पोरीले पोचवा, मंग आम्हाले सोडा. हे बोलीत नव्हतं.

दारात अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी टाकलं. पूनम उंबऱ्यापाशी थांबली. अक्का बोलणार होती, मी खुणेनं नको म्हटलं. थोडा वेळ उभी राहून मंग आपली आपण आत आली.

अशोकले साडेचार देल्ले. वर पाचशे देत होतो, त्यानं घेतले नाहीत. जेवून जा म्हटलं तर गाडीत सवाऱ्या आहेत म्हणे. त्याले चांगलं रेटिंग द्यायचं आहे. कसं देतात ते वा.ले विचारतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पूनम नऊपावतर झोपली. अक्का म्हणते, प्रवासानं शिणली. असंन. मी सकाळपासून भांड्याले भांडं लागू देल्लं नाही, बाहेर वट्ट्यावर येऊन बसलो. गवळ्यालेही हळू बोल म्हटलं. तो म्हणे, काका घरात कोण आहे? म्हटलं, पोरगी आली.

मीही झोपलो होतो. पहाटे एकदाही जाग आली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस बरे गेले. काल दुपारी मात्र पूनम आईच्या फोटोसमोर बसून रडली, खूप रडली. अक्का पाठीवरून हात फिरवत राह्यली. मी आत गेलो नाही. रात्री तिले झोप लागली नाही, कूस बदलताना पलंग वाजत होता. मीही जागाच.

आज सकाळी चहा घेताना म्हणे, "बाबा, आठवा लागायच्या आत सांगते. राहते का जाते ते."

मी हो म्हटलं.

"जायचं म्हटलं तं रागावसान?"

नाही म्हटलं. गाडी करीन, पूर्ण गाडी, आन् तुह्या बाजूले बसून पुण्यापर्यंत पोचवीन.

ती मान हलवून चहा प्यायली. मंग अक्कासंग मेथी निवडायले बसली. मी समोरच बसलो होतो पेपर घेऊन. राह्य म्हणायचं होतं. अख्खी मेथी निवडून झाली, तरी तोंडातून निघालं नाही. इथं लिहून ठेवतो. राह्य पूनम.